उजव्या बाजूचा खिसा

सर, तुमचा तो तपकिरी कोट त्याच्या कादंबरीत आला आहे. हे जाऊन सांगावं असं मला दुसरं कोणी उरलेलं नाही. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "चांगलं झालं की हो, सर जाऊन इतकी वर्षं झाली, कुणाला तरी आठवण राहिली." मुलगा घरात मराठी बोलतो, पण वाचत नाही. मेटगळ्ळीच्या कारखान्यात माझ्याबरोबर स्टोअर्समध्ये काम करणाऱ्यांना सांगायचं, तर तुम्ही कोण होता, म्हैसुरात बसून मराठी कादंबऱ्यांवर लिहायचात म्हणजे काय करायचात, आणि एक कोट पुस्तकात आला म्हणून या माणसाचं जेवण का कमी झालं, इथपासून सगळं कन्नडमध्ये उलगडावं लागेल. म्हणून तुम्हालाच लिहितो आहे.

तो म्हणजे तुम्ही ज्याला रंगारी म्हणायचात तो. मी शिंपीबुवा आणि तो रंगारी. आमची दोघांची घराणी या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली, त्याच्याकडे कापड रंगवायचे आणि छापायचे, आमच्याकडे शिवायचे, आणि दोघांचाही देव एकच, विठ्ठल. तो आता पुण्यात असतो. त्याची कादंबरी यंदा निघाली आणि ज्या मासिकात मी परीक्षणं लिहितो त्याच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, "तुमच्या गावचा लेखक, तुमच्याच सरांसारखा नायक. हे पुस्तक दुसऱ्या कोणाकडे देऊ?" मी हो म्हणालो. हो म्हणताना मनात आलं की बरं झालं, आता सापडला.

कोटाची गोष्ट तुम्हाला आठवत असेलच, पण मला ती पुन्हा एकदा सांगावीशी वाटते. त्या दिवशी तुम्ही वडिलांच्या दुकानात येता, कोट काउंटरवर टाकता आणि म्हणता, "याचं काही होईल का?" बाहेरून तो उन्हाने पार विटलेला आहे. वडील अस्तर थोडं उसवून आतलं कापड बघतात. आत रंग अजून शाबूत आहे. मग ते तुम्हाला समजावतात की सगळा कोट उसवायचा, कापड उलटं करायचं आणि आतली बाजू बाहेर घेऊन पुन्हा शिवायचा. तेव्हा असे कोट उलटवून घेणारे लोक होते. एकच अडचण होती. कापड उलटलं की डावीकडचा भाग उजवीकडे जातो आणि छातीवरचा खिसाही त्याच्याबरोबर जातो. वडील टी. नरसीपूरजवळच्या आमच्या खेड्यातून दुकान इकडे घेऊन आले होते, त्यांच्या मराठीत कन्नड मुरलेलं होतं. ते म्हणाले, "सार, खिसा उजवीकडं जातंय नोडा. परवा इल्ला का, चालंल का?" तुम्ही हसून म्हणालात, "जाऊ दे. माझं काळीज चुकीच्या बाजूला आहे असं लेखक म्हणतातच. खिसाही तिकडे असू दे." वडिलांना विनोद कळला नाही, पण कोट त्यांनी असा शिवला की जुन्या काजांवरचा रफू बोटानेच कळावा, डोळ्यांना दिसू नये.

तो कोट घरी पोचवायला मी आलो, तेव्हा माझं वय विशीच्या आसपास होतं. शाळा खेड्यातली आणि कन्नड, मराठी अक्षरं वडिलांनी भजनाच्या पुस्तकावरून गिरवून घेतलेली. तुमच्या व्हरांड्यात पुस्तकांची चळत होती आणि मी वरच्या पुस्तकाचं नाव मोठ्याने वाचलं. तुम्ही ते पुस्तक उचलून माझ्या हातात दिलंत आणि पुढच्या रविवारी ये म्हणालात. पुढच्या रविवारी मी आलो आणि अथपासून इतिपर्यंत कथानक सांगू लागलो. आम्ही पोथी अशीच ऐकत आलो होतो, काय घडलं ते नीट सांगता आलं की वाचलं म्हणायचं. तुम्ही हात वर करून मला थांबवलंत. "गोष्ट मला ठाऊक आहे. तू कुठे थांबलास ते सांग." मी म्हणालो, थांबलो नाही सर, एका दमात वाचलं. तुम्ही म्हणालात, "मग पुन्हा वाच. आणि थांब."

पुस्तकावर पेन्सिल चालवलेली तुम्हाला खपत नसे. म्हणून मी दुकानातल्या मापाच्या खडूने समासात बारीक रेघ ओढायला लागलो. तो खडू कापडावरूनही झटकला की जातो. तुम्हाला हे कळलं तेव्हा तुम्ही खूश झालात. म्हणालात, महिन्याने पुस्तक पुन्हा उघड, रेघा पुसल्या गेल्या असतील, तरीही त्याच जागी थांबलास तर ती जागा खरी. नव्या कादंबऱ्या मला सुरुवातीला कोरड्या वाटायच्या. कोणी मरत नाही, कोणाचं लग्न होत नाही, माणूस एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातो आणि प्रकरण संपतं. तुम्ही म्हणायचात, या लोकांनी काय लिहिलं ते सगळेच वाचतात, तू त्यांनी काय लिहायचं सोडलं ते शोध, आणि कोणासाठी सोडलं तेही. मला ते वर्षभर कळलं नाही. मग एका पुस्तकात बाई घर सोडून जाते आणि लेखक फक्त उंबऱ्याशी राहिलेल्या तिच्या ओल्या पावलांबद्दल लिहितो, तिथे मी थांबलो. तुम्हाला सांगितलं. तुम्ही आतून चहाचा दुसरा पेला आणून दिलात. मला वाटलं, मला नवे डोळे मिळाले.

पहिलं परीक्षण लिहिलं ते मी तुम्हाला आधी दाखवलं. तुम्ही वाचत गेलात आणि बोट ठेवत गेलात. "हे वाक्य माझं. हे माझं. हे माझंच, पण मी जरा बरं लिहिलं होतं." मग कागद परत देऊन म्हणालात, "शिंपीबुवा, माझ्या मापाचे कपडे तुम्ही का घालता?" मी घरी येऊन ते फाडलं. राग आला नव्हता. देवळात पाया पडताना चप्पल पायातच राहिली असं कोणी लक्षात आणून द्यावं, तशी लाज वाटली होती.

आणि मग तो आला. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान, व्हरांड्याच्या पायरीवर पाय सोडून बसायचा, पुस्तक अर्धंच वाचून यायचा आणि तरी वाद घालायचा. "सर, कंटाळलो मी, ठेवलं बाजूला." मी असं म्हणण्याची कल्पनाही करू शकत नव्हतो. मला वाटलं आता तुम्ही त्याला झाडणार. तुम्ही हसलात. सर, इतक्या वर्षांत माझ्या बोलण्यावर तुम्ही तसं पोट धरून कधी हसला नव्हता. एका रविवारी मी जाताना त्याने सहज विचारलं, "दादा, सर उप्पीट करतात ते खाल्लंत का कधी? जाळूनच ठेवतात." मी म्हणालो, नाही. माझा चहा नेहमी बाहेर यायचा, स्टीलच्या पेल्यातून. मी समजत होतो की तुम्ही एकटे राहणारे, स्वयंपाकघरात कोणाला घेत नसाल, ती तुमची शिस्त असेल. त्या वाक्याने कळलं की शिस्त फक्त माझ्यासाठी होती.

पुढे तो पुण्याला गेला. तुमचे डोळे अधू झाले, तेव्हा म्हैसुरात मी होतो. बोगादीच्या माझ्या घराहून सायकलने, नंतर स्कूटरवरून, दर रविवारी येऊन मी तुम्हाला वाचून दाखवत असे. तुम्ही त्या व्हरांड्यातल्याच खुर्चीत, कोट घालून, मान मागे टाकून ऐकायचात. मधेच हात वर करायचात, मी थांबायचो, ते वाक्य पुन्हा वाचायचो. मी हे उपकार म्हणून मांडत नाही. विठ्ठलाच्या कृपेने मला ते करायला मिळालं असंच मी मानत आलो. पण मनाच्या तळाशी एक हिशेब पक्का होता, की शेवटी सर माझ्या वाट्याला आले. आता ही कादंबरी वाचली आणि लक्षात आलं की तुम्ही पुण्यालाही गेला होता, त्याच्या आठवणीत बसून, मला न सांगता.

कादंबरी तुम्हाला सांगतो, कथानक नाही, मी कुठे थांबलो ते. एका दक्षिणेकडच्या शहरात एक म्हातारा समीक्षक राहतो. ज्या भाषेतली पुस्तकं तो वाचतो ती भाषा त्याच्या गल्लीत कोणी वाचत नाही. त्याला नाव नाही. चौथं प्रकरण स्वयंपाकघरात घडतं. डिसेंबरची सकाळ आहे, म्हाताऱ्याने बनियनवर कोट चढवला आहे आणि तो उप्पीट ढवळतो आहे. एक पोरगा ओट्याला टेकून स्वतःची पहिली गोष्ट वाचून दाखवतो आहे. वाचता वाचता एका वाक्याशी म्हाताऱ्याचा उलथणं धरलेला हात थांबतो. पोरगा पुढे वाचत जातो. कढईला तळाशी लागल्याचा वास येतो. गोष्ट संपते. म्हातारा करपलेलं स्वतःच्या ताटलीत काढून घेतो, वरचं चांगलं पोराला वाढतो आणि मीठ कमी आहे का विचारतो. संपलं प्रकरण.

सर, मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा खडूची रेघ ओढली नाही. हट्टाने नाही ओढली. दुसऱ्यांदा वाचलं आणि पुस्तक मिटून देवघरासमोर जाऊन बसलो. म्हाताऱ्याला गोष्ट आवडली असं लेखक कुठेही म्हणत नाही. पोराला आनंद झाला असंही नाही. फक्त हात थांबतो आणि उप्पीट करपतं. तुम्ही आयुष्यभर आम्हाला जे विचारत होता, कुठे थांबलास, ते त्याने तुमच्याच हातात, कढईत घालून दाखवलं. मी तो प्रश्न माझ्या परीक्षणांतून किती वेळा लिहिला असेन. प्रत्येक वेळी शब्दांत लिहिला. मी ते प्रकरण लिहिलं असतं तर म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणलं असतं, हे मला ठाऊक आहे. आणि आणखी एक गोष्ट बोचली ती ही की मी तुम्हाला इतकं वाचून दाखवलं, पण ते सगळं दुसऱ्यांचं. माझ्या एखाद्या वाक्याशी तुमचा हात थांबावा, असं मी काही तुमच्यासमोर आणलंच नाही.

मग मला ती चूक सापडली. कादंबरीतल्या म्हाताऱ्याच्या कोटाला खिसा उजव्या बाजूला आहे. पोरगा ते बघतो आणि त्यावरून म्हातारा डावखुरा असल्याचं त्याच्या ध्यानात येतं. मग एक लांबलचक परिच्छेद येतो. लहानपणी हा देवळात प्रसादाला डावा हात पुढे करायचा, पुजारी हातावर मारायचे, आई रागवायची, आणि पुढे आयुष्यभर पुस्तकंही त्याने त्या चुकीच्या हातानेच घेतली. सर, तुम्ही डावखुरे नव्हता. ज्या हातातून मी चहाचा पेला घेतला तो तुमचा उजवा हात होता. खिसा तिकडे गेला कारण माझ्या वडिलांनी कोट उलटवला. हे त्याला माहीत असणं शक्यच नव्हतं, तो तेव्हा शाळेत असेल. मला झालेला आनंद सांगायला नको इतका वाईट होता. मी त्याच संध्याकाळी परीक्षणाची सुरुवात लिहिली: ज्याला माणसाचा कोट कळला नाही, त्याला माणूस कितपत कळला असेल?

बायकोला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "कोटाचं कळलं. पुस्तक कसं आहे ते कुठं आहे?"

"येईल ना पुढे."

"पुढे म्हणजे कुठं? संपत आलं की हे." तिने माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला राग आलाय, का पोटात दुखतंय?"

"मी चूक दाखवतोय. समीक्षकाचं कामच आहे ते."

"अय्यो, सुम्मने गप बसा हो. आमच्या आईचं असंच व्हायचं, धाकट्या जावेच्या सांबारात मीठ शोधत बसायची."

मी कागद आवरले. तिचं सासर माहेर दोन्ही शिंप्यांचं, तिला उसवलेलं लगेच दिसतं.

त्यानंतरच्या आठवड्यात आपल्या देवळात नामसप्ताह बसला. तुम्ही एकदोनदा येऊन मागे उभे राहिला होता, म्हणून आठवत असेल. सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि ज्याच्या गळ्यात ती असेल त्याने उभं राहून नाम घ्यायचं, दुसरा शब्द बोलायचा नाही. माझी पाळी दुपारची होती, पंगती उठून गेल्यावरची. देवळात दोन म्हाताऱ्या जपमाळ घेऊन पेंगत होत्या. मी वीणा छेडत हळूहळू पुढे मागे होत होतो आणि तो आत आला. सप्ताहासाठी पुण्याहून आला होता. पुढची पाळी त्याने मागून घेतली होती. वेळेआधीच आला आणि खांबाला टेकून माझ्याजवळ उभा राहिला.

"दादा, तुम्हाला आता बोलता येत नाही, म्हणून आत्ताच सांगतो," तो हलक्या आवाजात म्हणाला. "नंतर तुम्ही मला बोलू देणार नाही."

मी म्हणालो, "विठ्ठल विठ्ठल."

"संपादकांकडून कळलं, परीक्षण तुमच्याकडे आहे. ते डावखुरं प्रकरण तुम्हाला खटकणार, मला माहीत होतं. सर उजवे होते. कोट उलटवलेला होता."

वीणेवरचं माझं बोट चुकलं. एका म्हातारीने डोळे उघडून बघितलं.

"असं बघता काय? रंगाऱ्याच्या घरचा आहे मी. कापडाची सुलटी बाजू कुठली आणि उलटी कुठली, ते मला कळणार नाही होय? पहिल्याच दिवशी ओळखलं. सरांना विचारलं तर तुमच्या वडिलांचं नाव घेऊन सगळं सांगितलं, काळजाचा तो विनोद पण. दर थंडीत तेच सांगायचे, ऐकून ऐकून चिट्टच यायचा मला." तो आणखी जवळ सरकला. "पण तो कोट लिहायला घेतला असता तर दुकान आलं असतं, तुमचे वडील आले असते, तुम्ही आला असता. ते तुमचं आहे. मी कसं घेऊ? म्हणून म्हाताऱ्याला डावखुरा केला. कोट तुम्ही लिहाल म्हणून सोडलाय."

मी विठ्ठल विठ्ठल म्हणत राहिलो. दुसरं काही म्हणायची मुभाच नव्हती. माझ्या घराण्याला कापड कळतं, हे धरून मी बसलो होतो. कापड आमच्या हातात येण्याआधी ज्यांच्या हातातून जातं त्यांना ते कळत असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. पाळी संपली. मी वीणा गळ्यातून काढून त्याच्या गळ्यात घातली. रीतीप्रमाणे मी वाकून त्याच्या पायांना हात लावला, तो वीणा सांभाळत वाकला आणि त्याने माझ्या पायांना हात लावला. वीणा घेणाऱ्याच्या आणि देणाऱ्याच्या मनात काय आहे, हे ती रीत विचारत नाही. तो सरळ उभा राहिला आणि नाम घेऊ लागला. आता बोलायला मी मोकळा होतो आणि त्याला उत्तर देता येत नव्हतं. मी पुष्कळ बोलू शकलो असतो. मी विठ्ठलाकडे बघितलं, दोन्ही हात कमरेवर ठेवून तो आमच्या मधून कुठेतरी पलीकडे बघत होता. मी प्रसाद घेतला, उजव्या हाताने, आणि घरी आलो.

तुम्हाला वाटेल की माझा मत्सर तिथे विरघळला. नाही सर. उलट आता त्याला धरायला जागाच राहिली नाही, म्हणून तो सगळीकडे पसरला. निदान ती चूक तरी मला सापडली होती, तीही त्याने जाणूनबुजून केलेली निघाली. त्याने काय लिहायचं सोडलं आणि कोणासाठी सोडलं, हे मी शोधायला हवं होतं, तुम्ही मला तेवढंच तर शिकवलं होतं. त्याने माझ्यासाठी एक कोट सोडला आणि मी त्याच कोटाने त्याला झोडपायला निघालो होतो. स्वयंपाकघर त्याला मिळालं, उप्पीट मिळालं, तुमचं हसणं मिळालं, आणि वर मोठेपणाही त्यालाच मिळाला. मला व्हरांडा मिळाला. आता वाटतं, कदाचित तुम्ही मला आत बोलावलं नाहीत कारण मी कधी आत डोकावलोच नाही. तो विचारून मोकळा झाला असेल, सर, काय करपतंय? मी पेल्याची वाट बघत बसलो.

परीक्षण मी पुन्हा लिहिलं. ती सुरुवात काढली. कोटाबद्दल एक अक्षर ठेवलं नाही. चौथ्या प्रकरणाबद्दल लिहिलं, थांबलेल्या हाताबद्दल लिहिलं, नव्या कादंबरीत न बोललेलं कसं ऐकू येतं ते लिहिलं, आणि वाचून बघितलं तर त्यात तुमचं एकही वाक्य नव्हतं. बायकोला वाचून दाखवलं. भाजी चिरता चिरता तिची सुरी मधेच थांबली. मी थांबलो नाही, पुढे वाचत गेलो. शेवटी ती म्हणाली, "हे बरं आहे. मला पण वाचायला द्या की ते पुस्तक." तिने आजवर माझ्याकडे कुठलं पुस्तक मागितलं नव्हतं. मागितलं तेही त्याचं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, ते मला माहीत आहे. परीक्षण मात्र उद्या पाठवायचं आहे. त्यात मी त्याची मनापासून स्तुती केली आहे आणि शेवटाजवळ फक्त एक दोष दाखवला आहे. म्हाताऱ्याच्या डावखुरेपणाचा तो परिच्छेद जरा लांबला आहे, असं म्हटलं आहे. सर, तो लांबलेला नाही. तिथे ओढलेली खडूची रेघ पुसली गेल्यावरही मी दर वेळी त्याच जागी थांबतो आहे. परीक्षणातलं ते वाक्य काढायला सकाळपर्यंत वेळ आहे. बहुतेक मी काढणार नाही.